परिस्थिती बदलते तेव्हा तुकडीचा मेळ कुठे बिघडतो : या चुका टाळा

सोलापूर जिल्ह्याने 2020 च्या ऑक्टोबरमध्ये भीमेचा आणि 2025 च्या सप्टेंबरमध्ये सीनेचा पूर पाहिला, आणि त्यानंतर गावोगावी तरुणांची मदतपथके उभी राहिली. यांतील बहुतेकांना आपले काम लष्करी पद्धतीने चालावे असे वाटते, त्यामुळे लष्करातून निवृत्त झालेल्या आमच्यासारख्यांना बोलावणे येते, नदीकाठी किंवा एखाद्या शाळेच्या मैदानावर सराव होतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच त्या चुका पाहण्याचा योग येतो. भरतीची तयारी करणारी मुले असोत की एनसीसीचे माजी छात्र, चुकांची यादी बदलत नाही. माझी नोकरी सिग्नलमध्ये, म्हणजे लष्कराच्या संपर्क विभागात झाली असल्यामुळे माझे लक्ष निरोपाच्या प्रवासावर अधिक असते : कोणी काय सांगितले, ऐकणाऱ्याला काय समजले आणि शेवटी प्रत्यक्षात काय केले गेले. परिस्थिती घडीघडीला पालटत असताना तुकडीचा मेळ जातो तो बहुधा या प्रवासातच जातो, आणि लष्करी इतिहासातल्या मोठमोठ्या फजित्यांची मुळेही बऱ्याचदा तिथेच सापडतात.

आपल्याला दिसते ते समोरच्यालाही दिसते असे धरून चालणे

माझ्या मते ही सगळ्यांत घातक चूक आहे, आणि तिचे सगळ्यांत प्रसिद्ध उदाहरण क्रिमियाच्या युद्धातले आहे. 25 ऑक्टोबर 1854 रोजी बालाक्लाव्हा येथे ब्रिटिश सरसेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकाडावर उभे होते. तिथून त्यांना बाजूच्या उंचवट्यावरचे रशियन सैनिक ताब्यात घेतलेल्या ब्रिटिश तोफा ओढून नेण्याच्या तयारीत दिसले. त्यांनी चिठ्ठी पाठवली की घोडदळाने त्वरेने पुढे जावे आणि शत्रूला तोफा नेऊ देऊ नयेत. कोणत्या तोफा, हे चिठ्ठीत नव्हते, कारण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या स्पष्ट होत्या. ज्यांना ती चिठ्ठी मिळाली ते लॉर्ड लुकन मात्र खाली दरीत होते, आणि त्यांच्या जागेवरून त्या तोफा दिसतच नव्हत्या. त्यांना ठाऊक होत्या त्या दरीच्या टोकाला मांडलेल्या रशियन तोफा. त्यांनी चिठ्ठी आणणाऱ्या कॅप्टन नोलनला विचारले, तेव्हा नोलनने अधीरपणे हात हलवून दिशा दाखवली. पुढे सुमारे 670 घोडेस्वार तिन्ही बाजूंनी तोफा रोखलेल्या दरीत शिरले. शंभरावर माणसे मेली, आणि पहिल्या बळींमध्ये तो नोलनही होता.

हा प्रसंग सांगितला की मुले हसतात आणि इतके साधे कसे कळले नाही असे विचारतात. म्हणून मी आता प्रसंग नंतर सांगतो आणि सराव आधी घेतो. विजयपूर रस्त्यावर वडकबाळच्या पुलापाशी सीनेच्या दोन्ही काठांवर एकेक गट उभा करून घेतलेला एक सराव मला नेहमी आठवतो. पुलावर उभ्या असलेल्या निरीक्षकाने वॉकीटॉकीवरून सांगितले, ‘डाव्या काठावर झाडाला अडकलेला माणूस दिसतोय, दोर घेऊन जा.’ माणसाऐवजी आम्ही भुसा भरलेले पोते बांधले होते. निरीक्षक प्रवाह जिकडून येत होता तिकडे तोंड करून उभा होता, त्यामुळे त्याचा डावा काठ हा मंद्रुपच्या बाजूचा होता. खालच्या गटप्रमुखाने मात्र पुस्तकात वाचले होते की नदीचा डावा काठ हा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरवतात, आणि ते बरोबरही आहे. त्याने सोलापूरच्या बाजूचा गट पळवला. मंद्रुपच्या बाजूचा गट पोत्यापासून हाकेच्या अंतरावर हात बांधून उभा राहिला, कारण त्याला कोणी काही सांगितलेले नव्हते. मग वॉकीटॉकीवर आरडाओरडा सुरू झाला. निरीक्षक ‘अरे डावीकडे, डावीकडे’ म्हणत राहिला, आणि प्रत्येक वेळी त्याचा आवाज वाढला, शब्द मात्र तोच राहिला. गटप्रमुखाने शेवटी वैतागून विचारले, ‘काका, याला डावे-उजवे कळत नाही का?’ दोघांनाही चांगले कळत होते, हीच त्यातली अडचण होती.

तेव्हापासून माझ्या सरावात डावा, उजवा, पुढे, मागे, इकडे आणि पलीकडे या शब्दांना बंदी आहे. नदीचे काठ गावांच्या नावाने सांगायचे : सोलापूर बाजू, मंद्रुप बाजू. त्या दिवशीच्या कामात येणारी प्रत्येक ठळक खूण, म्हणजे पूल, देऊळ, पाण्याची टाकी, वीटभट्टी, ही सुरुवातीलाच क्रमांक देऊन कागदावर उतरवायची आणि तोच कागद प्रत्येक गटाकडे द्यायचा. लष्करात यासाठी नकाशावरची चौकट आणि सहा आकडी संदर्भ वापरतात, ज्याने जागा 100 मीटरच्या आत सांगता येते. मोबाईलवरून अक्षांश-रेखांश पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अंश-मिनिटे आणि दशांश या दोन लिहिण्याच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत. सोलापूर शहराचा अक्षांश साधारण 17 अंश 39 मिनिटे आहे. तोच कोणी 17.39 असा लिहून पाठवला, तर जागा सुमारे 29 किलोमीटर दक्षिणेला सरकते, आणि आकडा दिसायला इतका बिनचूक असतो की त्याबद्दल कोणी शंकाही घेत नाही.

आणखी एक सवय मी लावून घेतली आहे. निरोप पाठवण्यापूर्वी ज्याला तो मिळणार आहे त्याच्या जागी मनाने उभे राहायचे आणि तिथून काय दिसते हे त्यालाच विचारायचे. ‘तुझ्यासमोर काय आहे ते सांग’ या प्रश्नाला लागणारा वेळ वाया जातो असे ज्यांना वाटते, त्यांना मी पळणाऱ्या गटात ठेवतो. दोनदा उगाच पळाल्यावर मत आपोआप बदलते.

‘रॉजर’ ऐकले की निश्चिंत होणे

‘रॉजर’ म्हणजे तुमचा निरोप कानावर आला, एवढेच. समजला, पटला, त्याप्रमाणे करतो, यांपैकी काहीही त्यात येत नाही. तरीही आमचे नवशिके प्रत्येक वाक्यानंतर रॉजर म्हणतात, पाठवणारा खूश होतो, आणि पाच मिनिटांनी भलतेच काहीतरी घडलेले असते.

राजस्थानच्या वाळवंटात आमच्या एका रात्रीच्या सरावात घडलेला प्रकार मी हजार वेळा सांगितला असेल, पण अजून सांगावा लागतो. दोन बाजूंनी येणाऱ्या दोन तुकड्यांनी एका कोरड्या टाक्यापाशी रात्री दोन वाजता भेटायचे ठरले होते. अंधारात आपल्याच दोन तुकड्यांची गाठ घालून देणे ही फार नाजूक गोष्ट असते, कारण दोघांच्याही बोटाखाली घोडा असतो आणि समोरून येणारी सावली आपली की परकी हे ठरवायला काही क्षणच मिळतात. एक गस्त संध्याकाळीच पुढे जाऊन टाक्याजवळ दबा धरून बसली होती आणि तिला वायरलेसवर बोलण्यास पूर्ण मनाई होती. रात्री अकराच्या सुमारास सरावातल्या शत्रूने जागा बदलली, म्हणून वरून नवा हुकूम आला : भेट तीन वाजता, येण्याची दिशा पश्चिमेऐवजी उत्तर, आणि ओळखीचा परवलीचा शब्दही नवा. सर्व केंद्रांना निरोप गेला आणि सर्व केंद्रांकडून रॉजर आले.

मध्यरात्री आमच्या शेजारच्या कंपनीच्या सेटवरचा माणूस बदलला. जाणाऱ्याने येणाऱ्याला सेट दिला, हेडफोन दिला, थर्मासमधला उरलेला चहासुद्धा दिला. नोंदवही मात्र त्याने आपल्या पिशवीत ठेवली होती आणि तो झोपायला गेला. ती गस्त त्याच कंपनीची होती. ठरलेल्या वेळी गस्तीचा नायक केवळ ऐकण्यासाठी आपला सेट काही मिनिटे सुरू करी, बोलत नसे. साडेबाराला त्याने ऐकले तेव्हा त्याच्यासाठी निरोप पुन्हा प्रसारित व्हायला हवा होता. नव्या माणसाला ते माहीतच नव्हते, त्यामुळे सेटवर फक्त खरखर ऐकू आली, आणि नायकाने काही बदल नाही असा त्याचा अर्थ घेतला. दोन वाजले, कोणी आले नाही. तीनच्या सुमारास अनपेक्षित दिशेने माणसांची चाहूल लागली. गस्तीने हटकले, समोरून नवा शब्द आला, आणि गस्तीला जुनाच शब्द ठाऊक होता. पंचाची शिट्टी वाजली. दंडाला पांढरी पट्टी बांधलेल्या त्या पंचाने टॉर्च मारत एकेकाच्या छातीवर बोट ठेवले आणि अर्धी गस्त मृत म्हणून वाळूत आडवी केली. सकाळी आमच्या कमांडिंग ऑफिसरांनी सगळ्यांना बसवून एकच प्रश्न विचारला : ‘हा बदल कोणाला कळलेला नाही, हे कोणाच्या कागदावर लिहिलेले होते?’ ते कोणाच्याच कागदावर नव्हते.

तिथे पांढरी पट्टी आणि शिट्टी होती म्हणून मेलेली माणसे नाश्त्याला हजर राहिली. प्रत्यक्ष युद्धात ती सोय नसते. बांगलादेशच्या युद्धात, 10 डिसेंबर 1971 रोजी, आपल्या नौदलाची आयएनएस पनवेल आणि मुक्तिवाहिनीच्या, म्हणजे बांगलादेशी स्वातंत्र्यसैनिकांच्या, पद्मा व पलाश या तोफनौका तिथल्या खुलना शहराजवळ पोहोचल्या होत्या. आपल्या विमानांना ओळख पटावी म्हणून नौकांवर पिवळा रंग दिलेला होता, तरीही आपल्याच विमानांनी त्यांना शत्रूच्या समजून हल्ला केला. पद्मा आणि पलाश गेल्या, माणसे गेली, आणि पनवेलने वाचलेल्यांना पाण्यातून उचलले. या तुकडीचे नेतृत्व करणारे कमांडर मोहन सामंत यांना या युद्धातील कामगिरीसाठी महावीर चक्र मिळाले. म्हणजे शौर्यातही कमतरता नव्हती आणि ओळखीची खूणही होती. ओळखीची खूण ठरवली आणि लावली की निम्मेच काम होते. ती पाहणाऱ्याला त्या दिवशी, त्या घटकेला, आपले लोक तिथे आहेत हे ठाऊक असावे लागते.

म्हणून माझी पद्धत अशी आहे, आणि ती कोणत्याही पुस्तकातली नाही. एका जाड पुठ्ठ्यावर सर्व गटांची सांकेतिक नावे एकाखाली एक लिहिलेली असतात. प्रत्येक बदलासाठी एक नवा उभा रकाना आखायचा आणि वर वेळ लिहायची. ज्या गटाने निरोप आपल्या तोंडून जसाच्या तसा परत वाचून दाखवला, त्याच्यापुढेच बरोबरची खूण करायची, नुसत्या रॉजरला खूण नाही. ज्याच्यापुढची जागा कोरी राहिली त्याला बदल कळलेला नाही असे धरायचे, आणि इतर सर्वांना ते तसे सांगायचे : ‘तिसऱ्या गटाला हे अजून कळलेले नाही, तो जुन्या जागीच आहे असे समजा.’ हे वाक्य बदल कळवण्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते उच्चारणारा गटप्रमुख मला क्वचितच भेटतो. सेटवरचा माणूस बदलताना आधी पुठ्ठा हातात द्यायचा, मग सेट, आणि चहा सर्वांत शेवटी.

व्हॉट्सॲपच्या गटावर टाकले आहे, सर्वांनी पाहिले आहे, दोन निळ्या खुणा आल्या आहेत, असे मला अनेकदा ऐकवले जाते. निळी खूण म्हणजे पडदा उघडला गेला, निरोप डोक्यात शिरला असे नव्हे. शिवाय पुरात टॉवर बंद पडतात, नंतर नेटवर्क आले की तासाभरापूर्वीचे निरोप एकदम येऊन पडतात, आणि कोणीतरी सर्वांत जुना निरोप पुढे ढकलतो. व्हॉट्सॲप दुसऱ्या दिवशीची भाजी-भाकरी ठरवण्यासाठी ठेवावे.

काय करायचे ते सांगणे आणि का ते गाळणे

लष्करी हुकुमाची मांडणी ठरलेली असते : परिस्थिती, उद्दिष्ट, अंमलबजावणी, रसद, आणि शेवटी नेतृत्व व संपर्क. यांत उद्दिष्ट दोनदा वाचून दाखवण्याची प्रथा आहे. नवशिक्यांना वाटते की हा कवायतीचा सोपस्कार आहे, पण बदलत्या परिस्थितीत बाकीचे चारही भाग तासाभरात शिळे होतात आणि हाताशी राहते ते उद्दिष्टच. डिसेंबर 1971 मध्ये, त्याच युद्धात, भारताच्या चौथ्या कोअरचे सैन्य मेघना नदीपर्यंत पोहोचले तेव्हा आशुगंजचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला. पूल घेणे हेच काम असते तर ते तिथे संपले असते. कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांचे लक्ष ढाक्यावर होते, म्हणून 9 डिसेंबरपासून एमआय-4 हेलिकॉप्टरांतून जवान नदीपलीकडे उतरवण्यास सुरुवात झाली आणि पूल नसतानाही वाट मिळाली. आमच्या सरावात मात्र ‘शाळेजवळचा बांध धरून ठेवा’ असा हुकूम दिला जातो आणि तो बांध कशासाठी धरायचा हे सांगितले जात नाही. मग पाणी बांधाला वळसा घालून गेले तरी मुले कोरड्या बांधावर वाळूची पोती रचत बसतात, आणि वर ‘आम्हाला तेवढेच सांगितले होते’ असे म्हणतात. त्यांचे म्हणणे रास्त असते.

निष्कर्ष कळवणे आणि पाहिलेले गाळणे

‘गाव बुडाले’, ‘पाणी फार वाढले’, ‘रस्ता बंद आहे’ असे निरोप माझ्या उपयोगाचे नाहीत. ‘16 वाजून 40 मिनिटे, मारुतीच्या देवळाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पाणी, मी स्वतः पाहिले’ असा निरोप हवा, म्हणजे अर्ध्या तासाने चौथी पायरी बुडाल्याचे कळले तर वेग काढता येतो. लष्करात शत्रू दिसल्याचे कळवतानाही हाच क्रम असतो : किती, काय करीत आहेत, कुठे, केव्हा, कोणत्या सामानासह. शत्रू माघार घेत आहे की घेरण्यासाठी फिरत आहे, हे ठरवण्याचे काम वरच्यावर सोडावे, कारण त्याच्याकडे इतर तिघांचे निरोपही आलेले असतात. उजनीतून किंवा नीरेवरच्या वीर धरणातून होणाऱ्या विसर्गाचे आकडे सर्वजण क्युसेकसह तोंडपाठ सांगतात, पण तो आकडा किती वाजताचा आहे हे विचारले की शांतता पसरते. वेळ नसलेला आकडा मी पुठ्ठ्यावर लिहीत नाही. ऐकीव माहितीलाही माझा विरोध नाही, मात्र ‘ऐकले’ हा शब्द निरोपाच्या सुरुवातीला हवा.

पुढचा कोण, हे न सांगणे

पानिपतावर आपण तासन्‌तास बोलतो. 14 जानेवारी 1761 रोजी विश्वासराव पडले, भाऊसाहेब अंबारीतून उतरून घोड्यावर बसले आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला, हे शाळकरी पोरही सांगते. एवढे सांगून झाल्यावर मी विचारतो की तुमच्या गटाचा प्रमुख घसरून पाय मोडून बसला तर हुकूम कोणाचा, आणि दोघेतिघे एकमेकांकडे पाहू लागतात. दुसरा आणि तिसरा प्रमुख निघण्यापूर्वी सर्वांसमोर, नाव घेऊन जाहीर करावा, आणि ज्याचे नाव घेतले त्याच्याकडून उद्दिष्ट म्हणवून घ्यावे. याला एक मिनिटही लागत नाही.

सुटा सुटा सराव आणि थेट मैदान

दोर टाकणारे दोर टाकण्यात तरबेज, बोटवाले बोटीत तरबेज, प्रथमोपचारवाले पट्ट्या बांधण्यात तरबेज, आणि तिघांनी एकत्र सराव कधीच केलेला नाही, अशी पथके मी पाहतो. 24 एप्रिल 1980 रोजी अमेरिकेने तेहरानमधील ओलीस सोडवण्यासाठी जी मोहीम काढली, तिच्यातल्या प्रत्येक घटकात कसलेली माणसे होती. आठ हेलिकॉप्टर निघाली, वाळवंटातल्या ठरलेल्या तळावर सहाच पोहोचली आणि त्यांतले एक नादुरुस्त निघाले. किमान सहा हवीत हे आधीच ठरलेले असल्याने मोहीम रद्द झाली, आणि हा आकडा आधी ठरवून ठेवण्याचा भाग मला अनुकरणीय वाटतो. रात्री दोन वाजता, थकलेल्या आणि ईर्षेला पेटलेल्या माणसांकडून थांबण्याचा निर्णय कधीच होत नाही, म्हणून तो दिवसाउजेडी करून ठेवावा. त्यानंतर परतीच्या गडबडीत, धुळीच्या लोटात एक हेलिकॉप्टर उभ्या वाहतूक विमानावर आदळले आणि आठ जण दगावले. मागाहून झालेल्या चौकशीत जे दोष निघाले, त्यांत सगळ्या दलांनी मिळून मोहिमेचा पूर्ण सराव एकदाही केला नव्हता हा एक होता.

सोलापूरकरांना तरी हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. सिद्धेश्वर यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच, जड मानाच्या काठ्या, गर्दीतून जातात, ते पेलणारी माणसे वाटेत बदलतात, आणि त्यासाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. ज्या शहरात खांद्यावरचे ओझे दुसऱ्याकडे देण्याचाही सराव होतो, त्या शहरातली पोरे मला म्हणतात, ‘सुभेदार साहेब, सराव कशाला, वेळेवर जमते.’ अशांशी मी वाद घालत नाही. जमिनीवर वाळू, विटांचे तुकडे आणि रांगोळी घेऊन नदी, पूल आणि वस्तीचे प्रारूप करतो आणि प्रत्येकाला त्यावर चालायला लावतो, बोलत बोलत : मी इथे आहे, आता मी पुलाकडे जातो, आता मला अमुक निरोप येतो. दुसऱ्या फेरीत मी पूल पायाने मोडतो. तिसऱ्या फेरीत वायरलेस काढून घेतो. कोण कोणाची वाट पाहत बसणार आहे, हे तिथेच उघडे पडते.

बाकीच्या, ज्यांवर अधिक शब्द खर्च करण्याची इच्छा नाही

बटण दाबताक्षणीच बोलू नये, क्षणभर थांबावे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि पहिला शब्द बहुधा ‘नको’ हा असतो.

हातातला सेट साधारण नजरेच्या टप्प्यातच नीट चालतो. नदीपात्रात किंवा उसात उतरलेल्या माणसाचा आवाज येत नसेल तर ओरडू नये, एका माणसाला पुलावर किंवा टाकीवर चढवून निरोप पुढे देण्याच्या कामाला बसवावे.

स्वस्तात मिळाले म्हणून वाटेल ते वॉकीटॉकी संच मागवू नयेत. भारतात 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या कमी शक्तीच्या संचांना परवान्यातून सूट आहे. त्याबाहेरचे संच परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, आणि आपत्तीच्या वेळी कोणा अधिकृत यंत्रणेच्या संभाषणात आपला आवाज घुसवणे हे मदतीचे लक्षण नाही.

वेळ चोवीस तासांची सांगावी. ‘सहाला भेटू’ म्हणणाऱ्याला मी पहाटे सहाला उभे केले आहे.

प्रमुखाने उपलब्ध वेळेपैकी एक तृतीयांशाहून अधिक वेळ स्वतःच्या विचारात घालवू नये. उरलेला खालच्यांचा असतो, त्यांनाही आपापल्या माणसांना सांगायचे असते. निघण्याच्या दहा मिनिटे आधी सुंदर आराखडा हाती देणाऱ्यापेक्षा, निम्मा आराखडा दोन तास आधी देणारा प्रमुख मला परवडतो.

दोघे एकाच वेळी बोलले की कोणाचेच ऐकू येत नाही. तातडीचे काही नसेल तर गप्प राहणे हेही संपर्काचे काम आहे, आणि ज्याला गप्प राहता येत नाही त्याच्याकडे सेट देऊ नये, मग तो सरपंचांचा पुतण्या का असेना.

काम संपल्यावरचा आढावा दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. रात्रीच्या झोपेत प्रत्येकाची गोष्ट त्याच्या सोयीने सुधारते. मी तिथल्या तिथे, ओल्या कपड्यांत, सर्वांत तरुण माणसाला आधी बोलायला लावतो आणि प्रमुखाला सर्वांत शेवटी, कारण प्रमुख आधी बोलला की बाकीचे मान डोलावतात. पुठ्ठा मध्ये ठेवायचा, प्रत्येक कोऱ्या जागेवर बोट ठेवून विचारायचे की या वेळी तू कुठे होतास आणि तुला काय वाटत होते, आणि उत्तर त्याच चौकटीत पेन्सिलीने लिहायचे. तो पुठ्ठा पुढच्या सरावाच्या दिवशी नव्या प्रमुखाच्या हाती द्यायचा आणि त्याने तो वाचून होईपर्यंत सेट वाटायचे नाहीत.